साताऱ्याहून आणलेली पिशवी

शुक्रवारी दुपारी साताऱ्याच्या स्टँडवर उभी होते, तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे आणि आईसाठी पावशेर कंदी पेढे. दुसरीत माझा पंधरा दिवसांचा कचरा.

हे सांगताना अजूनही अवघडल्यासारखं होतं. पर्यावरणाच्या मॅडमनी आम्हाला काम दिलं होतं. पंधरा दिवस आपल्या हातचं प्लास्टिक टाकायचं नाही. साठवायचं, वहीत लिहायचं आणि सोमवारी वर्गात दाखवायचं. वहीत तीन रकाने होते: काय, कशासाठी, आणि शेवटी कुठे गेलं. तिसरा रकाना कोराच होता. पिशवी वसतिगृहात ठेवली असती तर झाडणाऱ्या मावशींनी उचलून नेली असती, म्हणून बरोबर घेतली. शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे कागद, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दिलेलं काम चुकेल याची मला सारखी धास्ती असते.

जाण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. आईला महिनाभर दम लागत होता. वडील सैन्यात, लांब. शनिवारी तिला मिरजेच्या दवाखान्यात मीच न्यायचं होतं.

कराडला गाडी बदलायची होती. स्टँडबाहेर वडापाव घेतला आणि चटणीची पिशवी नको म्हणाले.

“मग काय वंजळीत घालू व्हय, ताई?” गाडेवाला म्हणाला.

“वड्यावरच घाला.”

त्यानं हात सैल सोडून घातली. गाडीच्या पहिल्याच वळणावर ती माझ्या वहीवर सांडली. मी रुमालानं पान पुसत होते, तेव्हा शेजारच्या आजी मांडीवरच्या पिशवीत डोकावल्या.

“भंगाराचा धंदा हाय व्हय गं तुझा?”

“नाही आजी, साताऱ्याला कॉलेजात आहे. त्याचा अभ्यास आहे.”

“चगाळाचा (कचऱ्याचा) अभ्यास? आन त्यासाठी साताऱ्याला ऱ्हातीस?”

पुढच्या बाकावरचे दोघे हसले. मलाही हसू आलं. तुमच्याकडचं प्लास्टिक कुठे टाकता, असं मी भीत भीत विचारलं.

“टाकतोय कशाला? जाळतो की. झटक्यात पेटतंय.”

ते मी वहीत लिहिलं नाही. ते माझं प्लास्टिक नव्हतं.

ताकारीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तारेच्या कुंपणांना अडकून पिशव्या फडफडत होत्या. बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी पडली होती. या रस्त्यानं कितीतरी वेळा आले होते, पण हे सगळं कधी दिसलंच नव्हतं.

कुंडलला उतरले. आई दारातच उभी होती.

“आलीस? लय वाळलीस की गं...” एवढं बोलून ती थांबली आणि चौकटीला धरून श्वास घेत राहिली. मी पेढे तिच्या हातात दिले. कचऱ्याची पिशवी सवयीनं न्हाणीच्या कोपऱ्यात, पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबापाशी ठेवली.

सकाळी जळक्या वासानं जाग आली. लहानपणापासून ओळखीचा वास. न्हाणीत आई बंबासमोर उकिडवी बसून फुंकर घालत होती. काळा धूर तिच्या तोंडावर येत होता. शेजारी माझी पिशवी निम्मी झाली होती.

“आई, अगं ते काय केलंस!”

ती दचकली. “का? बंबालाच आणलंस न्हवं? मला वाटलं, साताऱ्याला जाऊन बी पोरीनं आठवण ठिवली.”

शाळेत असताना येता-जाता रस्त्यावरचे कागद, पिशव्या मीच वेचून आणायची. पावसाळ्यात लाकडं ओली असत, शेणी (गोवऱ्या) धरत नसत. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, माझ्या लेकीमुळं बंब पेटतोय. कॉलेजच्या कामाचं आता तिला काय सांगणार?

“असू दे,” म्हणाले. “आवर, गाडी चुकेल.”

मिरजेला दवाखान्यात खूप वेळ बसलो. डॉक्टरीणबाईंनी आईला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. बंब फुंकणारी माझी आई, पण तीनदा प्रयत्न करूनही त्या नळीत तिला धड फुंकता आलं नाही.

“चूल आहे का घरी?”

“स्वयंपाकाला गॅस हाय. पाण्याला बंब.”

“बंबात काय घालता?”

“लाकडं. शेणी,” आई म्हणाली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मुलीला डॉक्टरांपुढे कमीपणा नको, एवढंच तिच्या मनात असणार. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं.

“प्लास्टिक पण,” मी म्हणाले. “कितीतरी वर्षं. मीच गोळा करून द्यायचे.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, “मावशी, धूर बंद. कसलाच नको.” मग तोंडात ओढायचं औषध कसं घ्यायचं, ते त्यांनी आईला दोनदा करून दाखवलं.

परतीच्या गाडीत पलूस गेल्यावर आई म्हणाली, “कशाला सांगितलंस? तू ल्हान हुतीस तवा.”

मी तिचा हात धरला आणि ती पिशवी कॉलेजच्या अभ्यासासाठी होती, ते सांगितलं.

रविवारी साताऱ्याला परतले. निम्मी पिशवी आणि चटणीचा डाग पडलेली वही घेऊन सोमवारी वर्गात उभी राहिले. तिसऱ्या रकान्यात मी पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं होतं: आमच्या बंबात. तो धूर पुढे आईच्या छातीत गेला, हे लिहायला हात धजला नाही, पण मॅडमनी विचारल्यावर सांगितलं. पंधरा दिवस मी माझं प्लास्टिक मोजत होते. वस्तू हातातून सुटली की तिथेच संपते, असं मला वाटायचं. ती कुणाच्या तरी घरी जाते.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“पाणी गॅसवर तापवतीया आता. आन त्या औषधाचा कागूद, दुधाच्या पिशव्या, समदं धुऊन दोरीवर वाळत घातलंय.”

“ते कशाला?”

“तुझ्या अभ्यासाला गं. पुढल्या बारीला ये आन घिऊन जा.”

बोलता बोलता तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी फोन कानाला लावून उभी राहिले.