शेजारच्या देशातली मांडवपरतणी

मी अन् बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. दारात बसून. ती सोले, म्हणजे हिरवे दाणे, टोपल्यात टाके अन् मी टरफलं बैलापुढं फेके. मधात अल्युमिनियमच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता अन् त्यात पोरगी होती.

पोरगी थायलंडात मास्तरीण आहे. इथं तासिकेवर शिकवे. कंटाळली अन् गेली. तिकडं जाताना फिरायला जायच्या कागदावर गेली, तिथं शाळेनं ठेवून घेतलं. पण त्या देशाचा कायदा असा की आत बसून कामाचा विसा भेटत नाही. बाहेर पडा, शेजारच्या देशात जा, तिथं यांचं हापिस आहे, त्या खिडकीत पासपोर्ट द्या, शिक्का घ्या, मग परत या. म्हणून पोरगी नदीवरचा पूल ओलांडून लावोस नावाच्या देशात चालली होती.

"नदी केवढी आहे वं?" बायकोनं विचारलं. "आपल्या गावच्या अडाणी नदीएवढी?"

"आई, अडाणीसारख्या धा बसतीन त्याच्यात."

"अन् हे कायले? आत आलेल्या मानसाले पुन्हा बाहेर कायले काढतात?"

पोरीनं दोनदा समजावलं. मले नाही समजलं. हिले समजलं. शेंग फोडता फोडता म्हणाली, "अवो, मांडवपरतनी आहे ते. नवरी सासरी आली, तरी एकडाव परत माहेरी धाडतात नं? मंगच ते पक्की सासरची होते. तसं आहे."

पोरगी खूप हसली. "आई, बराबर. पन माहेर लांब आहे, म्हून शेजारच्या घरून मांडवपरतनी."

आम्ही तिघंही हसलो. उद्या सकाळी पासपोर्ट जमा होईन, परवा दुपारी शिक्का पडून हातात येईन, असं पोरगी म्हणाली. फोन ठेवला. सोले झाकून ठेवले. सकाळी त्याची भाजी करू, बायको म्हणाली.

आता माझ्याबद्दल एक सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझा हात लवकर उठते. पहिल्यापासून. जवानीत बायकोवरही उठला, दोनदा. दुसऱ्या वेळी तिचा दात पडला. ते मी लपवत नाही. पोरीच्या पासपोर्टच्या वेळी ठाण्यातून हवालदार चौकशीले घरी आला होता. चहा पिताना त्यानं विचारलं, "घरात कोनावर केस-बिस नाही नं?" मी म्हणालो, नाही. त्या दिवसापासून बायकोनं ते धरून ठेवलं. घरात केस झाली की पोरीचा विसा कटते. पाण्यावरून भांडण झालं, शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून झालं, माझा हात वर गेला की ती नुसती म्हणे, "विसा!" बैलाले थांबवाले 'हो' म्हणावं तसं. अन् माझा हात खाली येई. सारा गाव हसे. पण तीन साल मी कोणाले हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या हाटेलात गेलो. पोरीचं कौतुक सांगायचं होतं. म्हणालो, पोरगी आज शेजारच्या देशात आहे, विसा आणाले.

"शेजारचा म्हंजे पाकिस्तान का बे?" एक म्हणाला. हसले सारे. मीही हसलो.

मग मी बायकोचं बोलणं सांगितलं, मांडवपरतणीचं. मले ते फार आवडलं होतं. तिथं माझा चुलतभाऊ बसला होता. धुऱ्यावरून आमचं जुनंच आहे. तो बशीतला चहा ओढून म्हणाला, "मोठे भाऊ, मांडवपरतनीले पोरगी बापाच्या घरी येत असते. शेजाऱ्याच्या घरी जाते म्हंजे कोनता धंदा करून राह्यली ते?"

माझ्या हातात गरम चहाचा गिलास होता. तो मी त्याच्या तोंडावर हाणला. गिलास फुटला. त्याच्या कानापासून गालापर्यंत फाटलं. तो खाली पडला तर मी त्याच्या बरगडीत लाथ घातली. दुसरी घालत होतो तेव्हा लोकांनी धरलं. तिथं विसा म्हणणारं कोणी नव्हतं.

घरी गेलो. बायकोनं माझ्या शर्टावरचं रक्त पाहिलं. चुलीवर सोल्याची भाजी होती. तिनं खाली उतरवली.

घडीभरानं चुलतभाऊ आला. कानाले फडकं बांधलेलं, हातात बैलबंडीचा दांडा, उभारी. दारातूनच बोंबलला, "निंघ बाहेर, पोरीच्या कमाईवर जगनाऱ्या!"

मी कुऱ्हाडीकडं गेलो. बायकोनं मले मागून पकडलं अन् मग माझ्यासमोर आली. तिची पाठ त्याच्याकडं, तोंड माझ्याकडं. माझे दोन्ही मनगटं तिनं धरले. एवढा जोर तिच्यात कुठून आला, मले माहीत नाही. "विसा!" म्हणाली. "अवो, आज पासपोर्ट तिथं खिडकीत आहे. आजचा दिवस. विसा!"

माझे हात तिच्या हातात होते. म्हणून मले त्याले अडवता आलं नाही. त्यानं तिचा खांदा धरून तिले बाजूले फेकलं, पोतं फेकावं तसं. दाराजवळ कपडे धुवायचा दगड आहे. तिचं डोकं त्याच्या कोपऱ्यावर आदळलं. नारळ फुटल्यासारखा आवाज आला. उभारी त्याच्या हातातून पडली.

ऑटोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझं धोतर भिजलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?"

चुलतभाऊ मागं उभा होता. तोच ऑटो घेऊन आला होता.

मी म्हणालो, "पाय घसरला."

तोच हवालदार पंचनाम्याले आला. त्यालेही मी तेच सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, मी अंगठा दिला. हाटेलातलं भांडण गावातल्या कोणी काढलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. केस झाली की विसा कटते. पासपोर्ट खिडकीत आहे. शिक्का पडू द्या. पोरीले कोणी फोन करायचा नाही, असं मी साऱ्यांले बजावलं.

सकाळी अंत्ययात्रा निघाली. भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. मी मान वर केली तर तिरडीले पुढून उजव्या बाजूनं खांदा चुलतभावानं दिलेला. जिनं त्याले लहानपणी भाकरी चारली तिले मारून तोच खांदा देऊन राह्यला होता, अन् रडत होता. मी त्याच्या मागं चालत होतो. त्याची मान माझ्यासमोर होती. सरणापर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही. रचून उरलेलं बाभळीचं एक लाकूड मी हातात घेतलं होतं. कोणीतरी ते हळूच काढून घेतलं.

दुपारी पोरीचा फोन आला. आईच्याच फोनवर. मी उचलला. तिनं पासपोर्टाचं पान समोर धरलं होतं. "बाबा, पाहा, पडला शिक्का! आईले द्या. मांडवपरतनी झाली म्हना!"

मी म्हणालो, "आई नाही आता."

मले गोड करून सांगता येत नाही. ती पुलाजवळच्या रस्त्यावर उभी होती, मागून गाड्या जात होत्या. ती खाली बसली. फोनात नुसतं आभाळ दिसत होतं. मग म्हणाली, "कसं झालं?"

"पाय घसरला" एवढं तोंडात आलं होतं. पण शिक्का पडला होता. म्हणून मी सारं सांगितलं. गिलास, उभारी, दगड, पंचनामा. केस झाली असती तर तुया विसा कटला असता, म्हणून खोटं बोललो, हेही सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या केसचा अन् माह्या विसाचा काही संबंध नाही. कोनी सांगतलं तुमाले?"

"तुया आईनं."

"आईले माहीत होतं. मीच सांगतलं होतं तिले, दोन सालाआधी. आई म्हने, राहू दे, तुया बाबाले नको सांगू. त्या भेवानं हात आवरते त्याहिचा."

मी फोन ठेवला. पोरगी दोन दिवसांनी येणार होती. तिचा शिक्का झाला होता, आता ती इकडं येऊन परत तिकडं जाऊ शकत होती.

मग मी कुऱ्हाड काढली अन् दगडावर घासत बसलो. त्याच दगडावर. तो धुतला होता तरी फटीत काळं राह्यलं होतं. आता मले कशाचा धाक नव्हता. विसा कटत नव्हता, कधीच कटणार नव्हता. चुलतभावाचं घर आमच्यापासून तिसरं. तो एकटाच होता, बायको-पोरं त्यानं भेवानं सासरवाडीले धाडले होते. घासता घासता पातं हाताले लागलं. रक्त धुवाले मोरीकडं उठलो तर आत सोल्याची भाजी तशीच झाकलेली होती. आंबली होती. तरी मी ती खाल्ली. पुरी खाल्ली, उभ्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड खांद्यावर टाकून मी त्याच्या दारात गेलो. तो कडुलिंबाची काडी चावत होता. मले पाहून त्यानं काडी फेकली. पळाला नाही. "मार," म्हणाला.

"चाल," मी म्हणालो.

"कुठं?"

"ठान्यात. पायी. पुढं तू."

दोन कोस तो पुढं चालला अन् मी मागं. त्याची मान परत माझ्यासमोर होती. दोनदा मी कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली अन् दोनदा परत ठेवली.

हवालदार बाहेरच होता. "बाबा, कुऱ्हाड तिथं भिंतीले टेकवून ठेवा आधी," म्हणाला. मी ठेवली.

"परवा तं पाय घसरला म्हने?"

"खोटं सांगतलं होतं. आता खरं लिहा."

त्यानं कागद घेतला. चुलतभाऊ तोंड उघडत होता, मी त्याले गप केलं. पहिलं मले बोलायचं होतं.

"लिहा," मी म्हणालो. "पहिला फटका माझा."