खुर्चीखालचे बूट

कला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी, एका सकाळी, मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याने वडिलांचा फोटो काढला. आज व्हिनेगरची बाटली उघडली आणि डार्करूमचा तोच आंबट वास आला.

डब्याला सुईएवढे भोक होते, आत फोटोचा कागद. प्रकल्पासाठी घरातल्या माणसाचा चेहरा हवा होता. वाळूजच्या कारखान्यातल्या शिफ्टची बस यायची होती, म्हणून वडील कंपनीचे बूट घालूनच अंगणातल्या खुर्चीवर बसले. मी भोकावरची पट्टी काढली.

"झाला का?"

"अण्णा, हलू नका."

"श्वास घेऊ का तोबी नाय?"

दारात आई हसली. मी पट्टी परत लावेपर्यंत, चांगली चार मिनिटे, ते बसून होते. आईलाही तसेच आठवते.

दुपारी कॉलेजच्या डार्करूममध्ये प्रिंटवर खुर्ची उमटली, तिची वीण, खाली बूट. वडील नव्हते.

"मॉडेल उठून गेलं," सर म्हणाले. प्रकल्प नापास झाला.

संध्याकाळी वडिलांनी फोटो उलटसुलट पाहिला. "मी कुठं गेलो व्हतो? इथंच तर बसलो व्हतो."

इतका वेळ घेणाऱ्या फोटोत लगेच उठून गेलेला माणूस उमटत नाही, हे आता मी स्वतः शिकवतो. पण मग बूट कसे आले, ते कळत नाही.

त्या सकाळी बस आली तेव्हा ते बूट वडिलांच्या पायात होते.