डोलोरेसला हवा असलेला चेहरा

फोन डोलोरेसच्या आईचाच आला. "माझी मुलगी गेली," म्हणाल्या आणि लगेच, "तुम्ही जेवत होता का? डिस्टर्ब तर नाही ना केलं?"

डोलोरेस शिकागोत आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. आम्ही नवे असताना ह्यांनी गराज सेलमधून, म्हणजे कुणाच्या तरी दारातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, एक बरणी उचलून आणली होती. स्वस्तात मिळालं की ह्यांना पुरे! बरणीचा आकार म्हणजे डोक्याला रुमाल बांधलेली, गुबगुबीत, तोंडभर हसणारी काळी बाई. तिचं डोकं म्हणजे झाकण. आम्हाला ती अन्नपूर्णाच वाटली. मी तिच्यात बेसनाचे लाडू भरले. पहिल्यांदा चहाला आलेली डोलोरेस लाडू हातात धरून बरणीकडे बघतच राहिली. मग शांतपणे म्हणाली, "माझ्या आजीची आजी गुलाम होती. गुलामगिरी संपली, पण हे हसू गोऱ्यांनी सोडलं नाही. जाहिरातीत, कार्टूनमध्ये, पिठाच्या खोक्यावरसुद्धा..." मी शरमून बरणी उचलायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. लाडवांसकट शूट करायचीय मला."

ती व्हिडिओ आर्टिस्ट होती. टीव्हीवरचे असले हसरे चेहरे जमवून ती एकामागून एक, इतक्या सावकाश दाखवायची की बघणाऱ्याच्या घशात घास अडकावा. शेवटी मात्र तिला एकच चेहरा हवा होता, आईचा, न हसणारा. आईंनी जन्मभर गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक केलेला. समोर कॅमेरा आला की त्या हसायच्याच.

"ममा, हसू नकोस ना!"

"अगं, कुठे हसतेय मी?" आणि पुन्हा तेच हसू. डोलोरेस चिडायची, रडायची. शेवटच्या आजारपणात तिला कॅमेरा खांद्यावर पेलेना, तरी हट्ट सुटला नाही. फिल्म अपुरीच राहिली.

परवा आई टेप घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्याकडे व्हीसीआर नाही. टेपमध्ये डोलोरेस कुठेच दिसत नाही, कॅमेऱ्यामागून नुसता तिचा आवाज येतो. पडद्यावर आई हसत होत्या. माझ्या शेजारी सोफ्यावर बसलेल्या आईंच्या चेहऱ्यावर मात्र हसण्याचा मागमूस नव्हता. हाच चेहरा तिला हवा होता, आणि तो बघायला ती नव्हती. काय करणार होते मी?

टेप संपली. आई म्हणाल्या, "ती मला ओरडते ना, तेवढं परत लावता?"

मी लावलं.