अक्रोडाची मूठ

काल इथे आखातात, सीबला मुलाच्या घरी जुन्या खुर्चीला अळशीचं तेल चोळत होतो. त्या वासासरशी मत्रहमधलं आमचं सुतारकामाचं वर्कशॉप आठवलं. तीस वर्षं झाली असतील.

आमचे म्हातारे अर्बाब, म्हणजे मालक, दर शुक्रवारी नेमबाजीला जायचे. त्यांचं जुनं स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्वर हातातून सरकायला लागलं, म्हणून त्यांनी मला अक्रोडाची नवी मूठ करायला सांगितली. "खाली है, मैंने खुद देखा," म्हणत त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. तासभर मी ते पोटाशी धरून मूठ घासत, बसवून बघत होतो. शेवटी तेल लावलं. मूठ हातात अशी बसली, की मी हौसेनं भिंतीवर नेम धरला. बोट चापावर गेलंसुद्धा.

"दिखाओ," म्हणत अर्बाबांनी ते घेतलं, गोळ्यांची चक्री उघडली आणि ते थबकले. सहापैकी एका भोकात गोळी होती.

गावाकडची माझी दोन पोरं डोळ्यांपुढे आली. अर्बाब मात्र गोळीकडेच बघत राहिले. "निकाली थी मैंने. याद है मुझे," ते दोनदा म्हणाले.

तेव्हा मी मनातून त्यांच्यावर चिडलो होतो. आज मी त्यांच्याच वयाचा आहे. गेल्या महिन्यात गॅस बंद केल्याचं मी बायकोला शपथेवर सांगितलं, आणि तो चालू होता. आता आठवतो तो अर्बाबांचा चेहरा. आपल्या आठवणीचा भरवसा उरला नाही, हे त्यांना माझ्यादेखत कळलं होतं, आणि मी त्यांना बसायला साधं स्टूलही पुढे केलं नव्हतं.