बटण दाबलं की दंडार

जानरावांनी बत्तीस वर्षं पोलाद कारखान्यात क्रेन चालवली. गोंदियाकडून येऊन भिलाईच्या खुर्सीपार वस्तीत राहिलेला हा माणूस सुट्टी लागली की टेपरेकॉर्डर काखेत मारून निघायचा. तिथले मराठी कामगार जिथं दंडार, म्हणजे झाडीपट्टीतलं गाण्या-सोंगांचं लोकनाट्य, उभी करत, तिथं हा पुढच्या रांगेत माइक धरून बसलेला. निवृत्तीनंतर त्यांनी एकशे चाळीस कॅसेटी संगणकात उतरवल्या. संगणक मराठी मंडळाने दिलेला, जुना. त्यावर हिंदी व्हिडिओ बघत बघत त्यांनी स्वतःच लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली टाकली आणि मीडिया सर्वरही बसवला. आता मंडळाच्या हॉलमधल्या टीव्हीवर हवी ती दंडार ऐकता येऊ लागली. रोज दहा वाजता पंधरा-वीस म्हातारी माणसं जमायची.

फक्त एक अडचण होती. संध्याकाळी संगणक बंद व्हायचा, आणि सकाळी लॉगिन करून, कमांड टाइप करून सर्वर सुरू करायला जानरावच लागायचे. अशात त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख लागली.

हॉलचा चौकीदार भैयालाल हात जोडून म्हणाला, "भाऊ, बटण मी दाबून देईन. ते टायपिंग मले जमत नाही बाप्पा!"

"मंग बटणावरच चालू करून देतो," जानराव म्हणाले.

संगणक घरी आणून त्यांनी शोध घेतला. लिनक्समध्ये एक छोटी सर्विस फाइल लिहिली की कोणी लॉगिन केलं नाही तरी प्रोग्राम मागच्या मागे सुरू होतो, आणि बंद पडला तर पुन्हा उठतो. बारा ओळींच्या फाइलीला दोन दिवस गेले. शेवटी स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव' उमटलं, तेव्हा त्यांनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की बायको हिरा पोळपाट सोडून धावत आली.

"काय झालं?"

"उठला वं! स्वतःहून उठला!"

शनिवारी हॉलमध्ये चाचणी झाली. जानराव हात मागे बांधून दारात उभे राहिले. भैयालालने बटण दाबलं. दोन मिनिटांनी टीव्हीवर सर्वर दिसला, पण यादी कोरी. एकही दंडार नाही.

"गेलं का सगळं?" भैयालाल घाबरला.

"थांब गा, सर्वर तं आला! अर्धं जमलं!" जानरावांचे डोळे चमकले. खुर्ची ओढून ते कीबोर्डवर वाकले. थोड्याच वेळात कारण सापडलं. कॅसेटी होत्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क लॉगिन केल्यावरच जोडली जायची. आता लॉगिन करणारच कोणी नाही, मग सर्वरला मिळणार काय?

"क्रेनवर हुक बसल्याशिवाय उचलतो का आपण? पयले डिस्क, मंग सर्वर," ते स्वतःशीच बोलले. संगणक चालू होताच डिस्क जोडली जावी म्हणून तिची नोंद केली, आणि डिस्क येईपर्यंत थांब, अशी एक ओळ सर्विस फाइलीत वाढवली.

"दाब पुन्हा!"

एव्हाना सगळी मंडळी खुर्च्या सरकवून टीव्हीपुढे आली होती. स्क्रीन उजळली. यादी भरभर भरत गेली, आणि भैयालालने रिमोटने जी पहिली आली ती लावली. ढोलकी कडाडली. मागोमाग एक खणखणीत आवाज राजाची बतावणी करू लागला.

मंडळींतल्या सिंधुताई ताडकन उठल्या. "अवो, हा तं आमचा माणूस!"

त्यांचे देवराव जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते दंडारीत राजा व्हायचे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या काळात सिंधुताई गावी सासू-सासऱ्यांजवळ असायच्या. नवऱ्याचं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं.

"आवाज वाढव भैयालाल!" कोणीतरी ओरडलं. सिंधुताई उभ्याच राहिल्या. देवरावांच्या एका संवादफेकीवर सगळा हॉल हसला, आणि सिंधुताई सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसल्या. गाल ओले झाले होते, तेही त्यांनी पुसले नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी डोळ्यावर पट्टी बांधलेले जानराव दवाखान्यात फोनची वाट पाहत होते. दहाला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"भाऊ, सुरू झालं! मी काहीच केलं नाही, फक्त बटण दाबलं! अन् आयका, अहिवारा गावाहून राजकुमार म्हणून कोणी आला, तीन कॅसेटी घेऊन. त्याच्या बापाच्या दंडारीच्या."

"त्याले बसवून ठेव!" जानराव पलंगावरच उठून बसले. "चहा पाज, जाऊ नको देऊ!"

"अहो, झोपा तुम्ही," नर्स रागावली.

ते झोपले, पण फोन काही कानापासून काढला नाही.