कोंबड्याचं तितर

माझ्या आयुष्यातली एकमेव शिकार म्हणजे आमच्या घरचा कोंबडा. तो पायाला दोरी बांधून ठेवलेला होता, तरी मला दोन तास लागले.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या लेकीला, कल्याणीला, मुलगा पसंत होता आणि लग्न पक्कं करायला शहाद्याहून मुलाकडची मंडळी तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ आमच्या गावी जेवायला आली होती. थंडीत पाहुण्याला भरीत न घालणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ गुन्हा! परसातली हिरवी वांगी बायकोने लेकरांसारखी वाढवलेली. सकाळीच ती कपाशीच्या काड्यांवर भाजून उखळात ठेचली. जोडीला त्या कोंबड्याचा रस्सा.

"रस्सा झकास शे," व्याही म्हणाले. "कसाना शे?"

कोंबडा तर कोणीही घालतं! माझी जीभ सुटली.

"तितराचा! काल सातपुड्याच्या पायथ्याशी मी स्वतः तितरं मारली!" (एरवी मी अहिराणी बोलतो; महत्त्वाचं खोटं मात्र नेहमी शुद्ध मराठीत.)

स्वयंपाकघरात पातेलं आपटलं. (बायको मला सावध करत होती. मला वाटलं, मांजर असेल.)

पंगतीच्या टोकाला मुलाचे मामा बसले होते. शांत गृहस्थ. त्यांनी हळूच विचारलं, "कितला मारात?"

"सात!"

"बंदूकवरी?"

"मग काय गोफणीने? एका बारात दोन-दोन!"

"लायसन शे?"

"लायसन? अहो, वनखात्याची माणसं मला पाहून रस्ता बदलतात!"

मामांनी बोट चाटून पुसलं. "मी तळोद्याले वनखात्यामाच शे. मन्हा रस्ता मी बदलसू, पण पहिले तुम्हना जबाब लिही लेऊत."

माझं शुद्ध मराठी तिथेच संपलं. "कोंबडा शे हो! घरना कोंबडा शे!"

"आते कोंबडा व्हयना?" मामा म्हणाले. "पुरावा?"

पुरावा होता! पिसं आणि मुंडकं मी खत म्हणून परसातल्या एका वाफ्यात पुरलं होतं. फक्त कुठल्या, ते आठवेना. नव्या पांढऱ्या झब्ब्यात मी कुदळ घेतली. पहिल्या घावाला वांग्याची चार झाडं गेली.

"मन्हा वांगा!" बायको धावली. "काय करी ऱ्हायनात? तठे लसूण शे!"

तोवर लसूणही गेला होता. मिरची गेली. मेथी गेली. अखेर कोपऱ्यात कोंबड्याचं मुंडकं सापडलं आणि मी ते एखाद्या ढालीसारखं उंच धरलं. "हा तुरा देखा, मामा! तितरले लाल तुरा ऱ्हास का?"

मामा पोट धरून हसले. "तंगडी देखीसनच समजनं व्हतं मले! इतली जाड तंगडी? तितर काय तालीममा जाये का?"

मी सुटलो! पण व्याही हसत नव्हते.

"म्हणजे शिकार खोटी," ते सावकाश म्हणाले. "बंदूकबी खोटी. मंग पोर बी.एस्सी. शे, ते?"

बारक्याशा तितरापायी मुलीचं लग्न मोडणार! चिखलाच्या हातांनी मी गुणपत्रिका आणली. पहिल्या श्रेणीवर माझा अंगठा उमटला. मग सातबारा आणला. विहिरीला बारमाही पाणी आहे हे दाखवायला मोटार सुरू करायला पळालो, तर लाइट गेलेली.

"पाणीबी खोटं," व्याही म्हणाले आणि चपला शोधू लागले.

तेव्हा कल्याणी बाहेर आली. "बाबांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, हे मी तुमच्या मुलाला पहिल्याच फोनवर सांगितलंय. तरी तो तयार आहे."

व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग अजूनही माझ्या हातात असलेल्या मुंडक्याकडे. आणि बसले.

"पोर खरं बोलस," ते म्हणाले. "मायवर जायेल शे."

लग्न पक्कं झालं. मुलाकडच्यांची अट एकच होती: मांडवात माइक माझ्या हाती द्यायचा नाही. मी लगेच "हो" म्हणालो. मामांनी कागद मागवला आणि माझा 'हो' लेखी घेतला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. पहिली सही बायकोने न विचारताच केली.