समुद्राकाठी झोळी टांगायला गेले त्याची गोष्ट

तर सगळ्यात आधी दारात आली ती शेजारची गंगू. तिचा नवरा कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला जातो, म्हणून बाहेरची खबर आधी तिच्या घरी उतरते. मला वाटलं, नातवाच्या बारशाचं विचारायला आली असेल. तर बाई पाणी पिऊन म्हणते, "दर्याकडं लय मोठं तुफान झालं म्हनतेत. तुमचा नामदेव तिकडंच हाय नं?"

नामदेव माझा लेक. मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर एका व्यापाऱ्याच्या वखारीत कापसाच्या गठाणी तोलतो. सून राधा तिथंच बाळंत झाली. पुढं निरोप आला, सगळे खुशाल, छप्पर तेवढं गेलं. त्या 'तेवढं'नं माझी झोप गेली. धाकट्या दिराला म्हटलं, भाऊजी, बैल जुंपा.

आमच्या तिवस्याहून अमरावतीपर्यंत रेंगीनं, हलक्या बैलगाडीनं, गेलो. ज्यांना जायचं असेल त्यांनी कापसाच्या दिवसांत पहाटेच निघावं, नाहीतर गाड्यांच्या रांगेमागं धूळ खात बसावं लागतं. भाव उतरला म्हणतात, पण गाड्या काही कमी दिसल्या नाहीत. पुढंही रेंगीनंच जाऊन अकोल्याला आगगाडी धरली. भाडं ऐकून भाऊजींचं तोंड उतरलं, पण बैलांना तेवढ्या वाटेत घालाव्या लागणाऱ्या वैरणीशी ताडून पाहिलं तेव्हा पैसे मोजले. खिडकीशी बसू नका, ठिणग्या येतात; माझं नवं लुगडं जळलं. दशम्या आणि ठेचा सोबत ठेवा. डब्यात शेजारी बसलेली एक बाई मला समुद्राच्या लाटा केवढ्या, ते हात वर करून दाखवत होती. मी म्हटलं, राहू दे बाई, मला जाऊनच बघायचं आहे.

मुंबईहून मचव्यानं, शिडाच्या होडीनं, पलीकडे. सगळी वाट मी डोळे मिटून बसले, त्यामुळं समुद्र कसा असतो ते मला विचारू नका.

गावात पोचलो. नारळाची झाडं एकाच बाजूला निजलेली. एक होडी चक्क कोणाच्या परसात. विहिरीचं पाणी खारट झालं होतं, बाया लांबून गोडं पाणी आणत होत्या. पण नातू! गोरा, जावळ दाट, आणि नाक थेट आमच्या घराण्याचं. त्याला घेतलं आणि घटकाभर मला वारापाऊस काही आठवलं नाही.

माझं जुनं मऊ लुगडं मी खास नेलं होतं. नव्या छपराच्या वाशाला त्याची झोळी बांधली, आपल्याकडं बांधतो तशी, आणि नातवाला निजवलं. पाणी घेऊन येते तर झोळी उतरवलेली, पोर खाली चटईवर. पुन्हा बांधली. पुन्हा उतरवलेली. माझं डोकंच फिरलं.

"काहून उतरवली वं? माह्या लुगड्यात काय काटे हायेत?"

मी असं विचारलं तशी राधा पोराला थोपटू लागली. शेजारची कोळीण चांगुणा मासे निवडत होती, ती म्हणाली, "आय, तुफानात छप्पर उडालं तवा झोळी त्यालाच होती. पोर दूध प्यायला हिच्या मांडीवर होतं, म्हनून वाचलं."

मी पोराला चटईवरून उचलून घेतलं. राधाला विचारलं, मले काहून नाही सांगतलं? राधा म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी जीवच टाकला असता, आत्याबाई."

आपल्या वऱ्हाडात घराला मातीचं जड धाबं, म्हणजे सपाट छत. खालचं आढं पिढ्यान्पिढ्या हलत नाही, म्हणून लेकरू त्याच्या भरवशावर टांगायचं. तीच सवय राधा तिकडं घेऊन गेली. चांगुणानं आधीच टोकलं होतं म्हणे. ते लोक छप्पर झावळ्यांचं, हलकंच ठेवतात. काथ्याचे दोर खांबांना आवळतात, तरी ते राहील असं धरत नाहीत. चांगुणा म्हणाली, "वारा मागतो तवा छप्पर देऊन टाकायचं. पोर नाय द्यायचं."

त्यानंतर जरा झावळी वाजली की मी नातवाला छातीशी धरून बसे. ढग दिसला की भाऊजींना बाहेर पाठवी. ते म्हणत, वहिनी, हा ढग मघाचाच आहे.

येताना तिघांना सोबत आणलंच. वाट थोडी वाकडी करून रिद्धपूरला देवाचं दर्शन केलं. तिथल्याच मठातल्या एका म्हातारीनं मला मागं अक्षरं शिकवली होती, म्हणून हे लिहिता येतं. घरी आल्यावरही राधा पोराला जमिनीवरच निजवी. मीही पहिल्यांदा आढ्याकडं नीट पाहिलं, आणि एवढी माती आपल्या डोक्यावर आहे हे मनात आलं.

राधा आणि पोराला इथंच ठेव म्हणून मी नामदेवाच्या विनवण्या केल्या. पण राधाच ऐकेना, त्यांना एकटं टाकून राहणार नाही म्हणाली. वखारीचं काम उन्हाळ्यात सरतं, आणि वारे त्यानंतर सुरू होतात, असं नामदेव सांगतो. वाऱ्याला हे कोणी सांगितलं का, ते मी विचारलं नाही.

ते तिघं परत निघायच्या दिवशी सकाळी पाहते तर राधानं माझ्या लुगड्याची झोळी स्वतः आढ्याला बांधलेली. पोर आत गाढ झोपलेलं, पण दोरावरचा हात तिनं काही काढला नाही. गाडी जुंपली तेव्हा पोर तिच्याकडं दिलं. झोळी तशीच राहू द्या, म्हणाली.

तशीच आहे. काम सरलं की आखाजीच्या दिवशी, अक्षय तृतीयेला, येतो म्हणून सांगून गेले आहेत.